मैदानाच्या कडेचा माणूस
(वर्तकनगर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितले, 'हॉकीतले कडेचे खेळाडू: आजचे आणि कालचे.' चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हॉकी चालेल हो, पण कडेचेच का? मधले का नकोत?" या प्रश्नातच आजच्या व्याख्यानाचे निम्मे उत्तर आहे. मधल्या माणसांबद्दल सगळेच बोलतात. ध्यानचंदांचे नाव माहीत नाही असा माणूस या सभेत सापडणार नाही. पण १९३६ साली बर्लिनला ध्यानचंदांच्या उजव्या आणि डाव्या हाताला अगदी टोकाशी कोण धावत होते, असे विचारले, तर किती हात वर होतील? आम्ही कोणाची परीक्षा घ्यायला आलो नाही, तेव्हा हात वर करू नयेत. परंतु प्रश्न मनात असू द्यावा.

दुसरे कारण असे. संध्याकाळी उपवन तलावाच्या काठी फिरायला जावे, तर तेथे बाकांवर एक वाद नेहमी ऐकू येतो. खेळ बदलतो, नावे बदलतात; वाद तोच. आजोबा म्हणतात, "आमच्या वेळचे खेळाडू ते खेळाडू. आताची ही मुले दहा मिनिटे खेळतात आणि पाणी प्यायला बाहेर जातात." नातू म्हणतो, "आजोबा, तुमच्या वेळच्या खेळाडूंना आजच्या मैदानावर उभे करा, म्हणजे चेंडू दिसायचासुद्धा नाही." दोघांचाही आवाज चढतो, आणि शेवटी आजी घरी चला म्हणते तेव्हा वाद मिटतो, म्हणजे सुटत नाही, नुसता मिटतो. हॉकीच्या बाबतीत हा वाद विशेष कडू होतो, कारण आपल्या देशाने ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके मिळवली आणि त्यांतले शेवटचे १९८० साली. त्यामुळे 'पूर्वीचे ते देव आणि नंतरचे ते नालायक' असा निकाल द्यायला आपल्याला फार सोपे जाते. हा निकाल न्यायाचा आहे काय, एवढेच आज पाहावयाचे आहे. आणि तो तपासायला कडेच्या माणसाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

प्रथम हा कडेचा माणूस म्हणजे कोण, ते पाहू. हॉकीचे मैदान सुमारे शंभर यार्ड लांब आणि साठ यार्ड रुंद. जुन्या रचनेत एक गोलरक्षक, दोन फुलबॅक, तीन हाफबॅक आणि पुढे पाच आघाडीवीर असत. या पाचांत मधला सेंटर-फॉरवर्ड, त्याच्या दोन्ही बाजूंना राइट-इन आणि लेफ्ट-इन, आणि अगदी कडेला, बाजूच्या रेषेला लागून, राइट-आउट आणि लेफ्ट-आउट. हेच आपले विंगर. आता या खेळाचा नियम असा की गोलासमोर जे अर्धवर्तुळ असते, ज्याला आपण 'डी' म्हणतो, त्याच्या आतून मारलेलाच चेंडू गोल म्हणून धरला जातो. बाहेरून कितीही जोराने मारा, गोल नाही. विंगरची तर सारी वाट या अर्धवर्तुळाच्या बाहेरून जाते. म्हणजे ज्या ठिकाणी यश मोजले जाते, त्या ठिकाणापासून त्याची नेमणूकच सर्वांत दूर! त्याने कडेने धावावे, प्रतिपक्षाचा हाफबॅक आणि फुलबॅक आपल्याकडे ओढावे, शेवटच्या रेषेपर्यंत जावे, आणि तेथून चेंडू आत, मधल्या माणसाकडे टोलवावा. मधला माणूस गोल करतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मधल्या माणसाचे नाव येते.

आणखी एक बारकावा आहे. आपल्यापैकी ज्यांनी कधी स्टिक हातात धरली आहे त्यांना तो ठाऊक असेल. क्रिकेटमध्ये डावखुरा फलंदाज असतो. हॉकीत डावखुरी स्टिक नसते. प्रत्येक स्टिकची सपाट बाजू एकाच अंगाला, आणि चेंडू खेळायचा तो त्याच बाजूने किंवा स्टिक उलटी करून. याचा परिणाम असा की धावता धावता चेंडू आपल्या डावीकडे टोलवणे स्वाभाविक जाते, उजवीकडे टोलवणे अवघड. राइट-आउटला चेंडू मैदानाच्या मध्याकडे, म्हणजे डावीकडेच पाठवायचा असतो. त्याचे काम निसर्गाच्या प्रवाहाबरोबर. लेफ्ट-आउटला मात्र चेंडू उजवीकडे पाठवायचा. त्यासाठी त्याला पावले फिरवून, अंग चेंडूभोवती वळवून घ्यावे लागते, आणि तेवढ्या वेळात प्रतिस्पर्धी येऊन पोचतो. शिवाय लेफ्ट-आउट कडेने निसटू पाहतो ती बाजू नेमकी समोरच्या बचावपटूच्या सरळ स्टिकची; राइट-आउट निसटतो ती त्याच्या उलट्या स्टिकची, म्हणजे दुबळी. सांगायचे तात्पर्य हे की एकाच संघात, एकाच दिवशी, एकाच मैदानावर खेळणाऱ्या दोन विंगरांचीसुद्धा सरळ तुलना करता येत नाही. मग चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने उभ्या असलेल्यांची कशी करावी?

हा पेच आपल्याच वाट्याला आला आहे असे नाही. कॅनडात आणि उत्तरेकडच्या थंड देशांत बर्फावर हॉकी खेळतात. पायांत धारदार पट्टीचे बूट आणि चेंडूच्या जागी रबराची चकती. त्या खेळातही कडेचे खेळाडू आहेत आणि तेथेही बाकांवरचा वाद आहे. मॉरिस रिचर्ड नावाच्या उजव्या कडेच्या खेळाडूने १९४४-४५ च्या हंगामात ५० सामन्यांत ५० गोल केले. लगेच दुसरा पक्ष म्हणतो, त्या वर्षी महायुद्ध चालू होते, कित्येक चांगले खेळाडू सैन्यात गेले होते. मग त्या पन्नासांची किंमत पन्नास धरावी का? अलीकडे, एप्रिल २०२५ मध्ये, अलेक्झांडर ओव्हेच्किन या डाव्या कडेच्या रशियन खेळाडूने ८९५ वा गोल करून वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे टाकला, आणि पुन्हा तोच काथ्याकूट सुरू झाला. तिकडच्या आकडेपंडितांनी यावर एक युक्ती काढली आहे. ज्या हंगामात सगळ्यांनीच भरपूर गोल केले, त्या हंगामातला गोल थोडा स्वस्त धरायचा. ज्या हंगामात गोल दुर्मिळ, त्यातला महाग. आपल्याकडे आजोबा १९६० सालच्या पगाराची गोष्ट सांगतात, तेव्हा आपण त्या वेळी सोन्याचा भाव काय होता असे विचारतो ना, तसेच हे.

युक्ती चांगली आहे; पण आपल्या कामाला ती अपुरी पडते. कारण तिला गोल मोजता येतात, आणि आपल्या कडेच्या माणसाचे मुख्य काम गोल करणे हे नव्हेच. लॉस एंजेलिसला १९३२ साली भारताने अमेरिकेचा २४-१ असा पराभव केला. त्यांतले दहा गोल रूपसिंगांचे आणि आठ त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे. म्हणजे चोवीसांपैकी अठरा गोल एका घरातले! पण ते चेंडू त्या दोघांपाशी कोठून आले, किती वेळा कडेने आले, याची खतावणी कोणी ठेवली नाही. जमाखर्चाच्या वहीत जमा लिहिली आणि ज्याने माल आणला त्याचे नाव लिहायचे राहून गेले, असा हा प्रकार. तेव्हा नुसत्या आकड्यांवर विसंबून निकाल देता येणार नाही. आकड्यांच्या आधी काही प्रश्न विचारावे लागतील. आम्ही असे तीन प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न: त्या काळात त्या माणसाचे काम काय होते?

हॉकीत पूर्वी ऑफसाइडचा नियम होता. प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात चेंडूच्या पुढे उभ्या असलेल्या खेळाडूकडे चेंडू द्यायचा, तर त्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. १९७२ साली तीनाचे दोन झाले. पुढे १९९० च्या दशकात हा नियम आधी प्रयोगादाखल आणि मग १९९८ साली कायमचा काढून टाकण्यात आला. नियमाची एक ओळ गेली. पण तिच्याबरोबर कडेच्या माणसाचा सारा धर्म बदलला. जुन्या विंगरला पुढे जाऊन वाट पाहत उभे राहता येत नसे. त्याने मागेच थांबावे, चेंडू सुटण्याच्या क्षणी झेप घ्यावी, आणि कडेच्या मोकळ्या पट्टीतून सर्वांना मागे टाकावे. वेग आणि वेळेची जाण ही त्याची दोन भांडवले. ऑफसाइड गेल्यावर आघाडीचा माणूस थेट गोलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहू लागला, त्याच्याबरोबर बचावपटू मागे ओढले गेले, आणि मधल्या मैदानात मोठी मोकळी जागा झाली. पाचांची फळी तर युरोपीय संघांनी त्याच्या कितीतरी आधी मोडली होती; आपण तिला फार दिवस चिकटून राहिलो. आज राइट-आउट, लेफ्ट-आउट ही नावेच जवळजवळ गेली. आजचा आघाडीवीर डावीकडून उजवीकडे जातो, मागे येऊन बचाव करतो, पुन्हा पुढे धावतो. १९९२ पासून खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. म्हणूनच आजोबांना तो पाणी प्यायला जाताना दिसतो. पण त्या थोड्या मिनिटांत त्याने जीव तोडून धावावे, अशीच आता योजना असते. जुन्या माणसाला सत्तर मिनिटे पुरवून शक्ती वापरावी लागे. एक दूर पल्ल्याचा धावपटू, दुसरा शंभर मीटरचा. कोण श्रेष्ठ, हा प्रश्न विचारण्याआधी शर्यत कोणती, हे विचारायला हवे.

दुसरा प्रश्न: पायांखाली काय होते?

ध्यानचंदांचा काळ गवताचा आणि मातीचा. चेंडू उडे, अडखळे, वाट बदले. अशा मैदानावर लांब पास देणे धोक्याचे. म्हणून चेंडू स्टिकला चिकटवून नेण्याची, अंगाला झोके देत प्रतिस्पर्ध्याला चकवण्याची कला आपल्याकडे वाढीस लागली. १९७६ साली माँट्रिअलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक जिंकला होता. विजयी गोल ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांचा. त्या संघात उजव्या कडेला व्ही. जे. फिलिप्स आणि डाव्या कडेला हरचरणसिंग असे दोन खंदे विंगर होते. एका वर्षाने माँट्रिअलला भारत सातवा आला. एका वर्षात माणसे नालायक होतात काय? माणसे बहुतेक तीच होती. पायांखालची जमीन बदलली होती. कृत्रिम गवतावर चेंडू सरळ आणि भरधाव जातो. तेथे चकवण्यापेक्षा धाव, आणि एकट्याच्या कौशल्यापेक्षा झटपट पास अधिक उपयोगी. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात अशी मैदाने भराभर झाली. आपल्याकडे ती महाग पडली आणि फार सावकाश आली. वाड्यावस्त्यांवरची आणि छावण्यांतली मुले मातीवर शिकली आणि गालिच्यावर परीक्षेला बसली. त्यांच्या गुणपत्रिकेकडे पाहून त्यांची अक्कल काढणे हा न्याय नव्हे.

तिसरा प्रश्न: शर्यतीत होते कोण, आणि बाहेर कोण राहिले?

१९२८ साली ॲम्स्टरडॅमला आपण पहिले सुवर्णपदक जिंकले, तेव्हा भारताने २९ गोल केले आणि आपल्यावर एकही होऊ दिला नाही. हा पराक्रम थोरच. पण तेथे अवघे नऊ देश होते, आणि ज्यांनी हा खेळ आपल्याला शिकवला ते ब्रिटिश १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही स्पर्धांत उतरलेच नाहीत. लॉस एंजेलिसला तर तीनच संघ होते. दुसरी बाजूही तितकीच खरी. १९३६ चा 'भारत' आणि १९५६ चा 'भारत' हे एकच नाव असले, तरी एकच देश नव्हे. बर्लिनच्या अंतिम सामन्यात राइट-इनला खेळलेले दारा पुढे १९४८ साली पाकिस्तानचे कर्णधार झाले. पहिल्या सुवर्णविजेत्या संघाचा कणा असलेला अँग्लो-इंडियन समाज स्वातंत्र्यानंतर मोठ्या संख्येने परदेशी गेला; जबलपूरकडच्या पीअर्स घराण्यातले पाच भाऊ ऑस्ट्रेलियाकडून खेळले. म्हणजे पुढच्या पिढीने सुवर्णपदके राखली, ती विहिरीचे निम्मे पाणी शेजारी गेल्यावर. आणि स्त्रियांना तर १९८० पर्यंत ऑलिंपिकच्या हॉकीत दारच उघडे नव्हते. ज्या मुली त्याआधी उत्तम विंगर होऊ शकल्या असत्या, त्यांची तुलना आपण कोणाशी करणार?

आता हे तीन प्रश्न हाती घेऊन एक उदाहरण तपासू. उदाहरण दूरचे नको. आपल्या महाराष्ट्रातले, पुण्याजवळच्या खडकी छावणीतले घेऊ.

बर्लिनच्या १९३६ च्या सुवर्णविजेत्या संघात खडकीचे बाबू निमल होते. ते विंगर नव्हेत, हाफबॅक. पण हाफबॅक आणि विंगर यांचे नाते इंजिन आणि डब्यासारखे असते, म्हणून त्यांचे नाव येथे यायलाच हवे. त्या अंतिम सामन्यात उजव्या कडेला शहाबुद्दीन आणि डाव्या कडेला जाफर हे खेळत होते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर. पावसामुळे सामना एक दिवस पुढे ढकलला गेला आणि १५ ऑगस्टला झाला. त्याआधी सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला हरवले होते, म्हणून दारांना घाईने भारतातून बोलावून घ्यावे लागले होते. मध्यंतराला आपण एका गोलाने पुढे होतो. शेवटी ८-१ असे जिंकलो. सर्वांना सुवर्णपदक.

त्याच खडकीत, १६ जुलै १९६८ रोजी धनराज पिळ्ळे जन्मले. वडील मैदानाची निगा राखण्याच्या कामावर, घरची ओढगस्त, स्टिक मोडली तर तीच बांधून खेळायचे. थोरले बंधू रमेश मुंबईत खेळत होते, त्यांच्या मागोमाग धनराज मुंबईस आले आणि १९८९ पासून देशाकडून खेळू लागले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. ऑलिंपिकमधले निकाल मात्र असे: बार्सिलोना १९९२, सातवा क्रमांक, अटलांटा १९९६, आठवा, सिडनी २०००, सातवा, अथेन्स २००४, पुन्हा सातवा. एकही पदक नाही.

पदकांच्या तराजूत घातले, तर बर्लिनचा प्रत्येक गडी धनराजपेक्षा जड. पण आपले तीन प्रश्न विचारून पाहा. काम काय होते? धनराज ऑफसाइडच्या राज्यात खेळू लागले आणि ते राज्य गेल्यावर निवृत्त झाले. मधल्या काळात कामाचे स्वरूपच पालटले, आणि हा एक गडी दोन्ही कामे शिकला. कधी कडेने, कधी मधून, कधी पार मागे येऊन चेंडू घेऊन. पायांखाली काय होते? शिकले मातीवर, झगडले कृत्रिम गवतावर, तेही अशा देशांशी ज्यांची मुले लहानपणापासून त्याच गवतावर वाढलेली. शर्यतीत कोण होते? जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान, स्पेन, कोरिया; सगळे तयारीचे. अशा काळात, १९९८ साली बँकॉकला, त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, ते १९६६ नंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी. त्यांच्या जोडीला उजव्या कडेवर हैदराबादचा मुकेशकुमार होता. त्याने तीन ऑलिंपिक गाजवली, आणि आज त्याचे नाव किती घरांत निघते?

म्हणून आम्ही म्हणतो, खेळाडू आपल्या काळातल्या माणसांपेक्षा किती पुढे होता, हे आधी पाहावे; आणि त्याच्या काळाने त्याला काय दिले आणि काय नाकारले, ते त्या अंतरात धरावे. बर्लिनच्या माणसांना आपण वंदन करू. पण त्यांच्या पदकाने धनराजला झोडपणे हा त्या पदकाचाही अपमान आहे.

श्रोतेहो, हा वाद निरुपद्रवी नाही, हे सांगण्यासाठी आम्ही एक आठवण सांगतो. डिसेंबर १९८२. दिल्लीच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. येथल्या वसाहतीत तेव्हा घरोघरी दूरचित्रवाणी नव्हती. एका बिऱ्हाडात सारा मजला जमला होता, मुले पुढे जमिनीवर आणि मोठी माणसे दाराशी उभी. पाकिस्तानच्या डाव्या कडेला त्यांचा कर्णधार समीउल्ला, ज्याला लोक उडता घोडा म्हणत; आणि उजव्या कडेला त्याचा धाकटा भाऊ कलीमुल्ला. आपल्या डाव्या कडेला अलीगढचा जफर इक्बाल, मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या संघातला. सामना ७-१ असा गेला. खोलीतून एकेक माणूस न बोलता निघून गेला. आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या देशाने एका माणसाला धरले: गोलरक्षक मीररंजन नेगी. त्याने पैसे खाल्ले, त्याने देश विकला, इथपर्यंत लोक बोलले. आम्हीही त्या नाक्यावरच्या घोळक्यात होतो आणि आम्हीही मान हलवली होती, हे आज कबूल केले पाहिजे.

गोलरक्षकाच्या पायाशी चेंडू येतो तो शेवटी. त्याआधी तो कडेने येतो, हाफबॅकला आणि फुलबॅकला ओलांडून येतो. दोन्ही कडांनी भरधाव येणाऱ्या विंगरांना थोपवणे ही साऱ्या संघाची जबाबदारी, आणि ते अशक्य ठरले यात त्या विंगरांचे श्रेयही मोठे. पण आम्हांला कडेचे काही दिसलेच नाही. आम्हांला फक्त फलकावरचा आकडा दिसला आणि आकड्यासमोर उभा असलेला माणूस दिसला. पुढे हेच नेगी १९९८ च्या बँकॉकच्या सुवर्णविजेत्या संघाच्या गोलरक्षकांना शिकवीत होते. सोळा वर्षे एका माणसाने आमच्या अर्धवट पाहण्याची किंमत मोजली. खेळाचा निवाडा चुकला तर काय बिघडते, असे जे म्हणतात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता आपण निकालाची वाट पाहत असाल. वक्त्याने सगळे प्रश्न उभे करावेत आणि उत्तर द्यायची वेळ आली की 'प्रत्येक जण आपापल्या जागी थोर' म्हणून खाली बसावे, हे आम्हांला पसंत नाही. तेव्हा आमचे मत सांगतो. पटले नाही तर उपवनच्या बाकावर भेटावे.

निव्वळ कडेचा खेळ, म्हणजे रेषेच्या कडेने धाव घेऊन बचाव फोडणे, या एका कामात आम्ही समीउल्लाला पहिला मान देतो. तो लेफ्ट-आउट होता, म्हणजे दोन कडांपैकी अवघड कडेवर उभा होता, आणि गवत व कृत्रिम गवत या दोन्हींच्या सांध्यावर खेळला. तो पलीकडचा आहे म्हणून मान देताना हात आखडता घेणार नाही. आपल्यांपैकी त्या जागी जफर इक्बाल आणि हरचरणसिंग. शहाबुद्दीन आणि जाफर यांना आम्ही क्रमांक देत नाही. त्यांचे काम पाहणारे डोळे उरले नाहीत आणि लिहिणारी वही नव्हती, म्हणून त्यांना खाली बसवणे अन्यायाचे आणि वर बसवणे अंदाजाचे. आणि काळ सर्वांत प्रतिकूल असताना त्याच्यापुढे सर्वांत जास्त अंतर तोडणारा आघाडीवीर म्हणाल, तर धनराज.

आणि आजची मुले? टोकियोच्या स्पर्धेत, जी २०२१ साली झाली, आपण जर्मनीला ५-४ हरवून कांस्यपदक मिळवले. पॅरिसला २०२४ साली स्पेनला २-१ हरवून पुन्हा मिळवले. पॅरिसच्या त्या सामन्यातले दोन्ही गोल हरमनप्रीतसिंगचे, पेनल्टी कॉर्नरवर. उत्तम. पण पेनल्टी कॉर्नर आकाशातून पडत नाही. कोणीतरी कडेने 'डी'त घुसतो, बचावपटूच्या पायाला चेंडू लागेल अशा रीतीने खेळतो, आणि तो कॉर्नर कमावून आणतो. गोल मारणाऱ्याचे नाव फलकावर लागते. कमावणाऱ्याचे लागत नाही.

येथे आजोबा आणि नातू यांचे भांडण मिटण्यासारखे आहे. आणि या वेळी खरोखर सुटण्यासारखे. नियम बदलले, जमीन बदलली, स्टिक बदलली, जागेचे नावसुद्धा पुसले गेले. पण कडेच्या माणसाचा धंदा बदलला नाही. १९३६ साली तो चेंडू आत टोलवी, २०२४ साली तो कॉर्नर मिळवतो. दोन्ही वेळा तो दुसऱ्याच्या नावावर जमा होणारे काम करतो. तेव्हा वेगवेगळ्या काळांतल्या विंगरांना एकाच मापाने मोजायचेच असेल, तर ते माप हे: त्याने दुसऱ्यासाठी किती वाट मोकळी केली? हे माप गोलफलकावर मिळत नाही. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. म्हणून पाहणाऱ्याची जबाबदारी मोठी.

शेवटी एक विनंती करतो. आपल्यांतल्या वडीलधाऱ्या मंडळींनी मैदानावर प्रत्यक्ष पाहिलेले, किंवा त्या काळी रेडिओवर ऐकलेले सामने आठवत असतील. नातवाला गोल किती झाले ते सांगू नये; ते त्याला आपल्या खिशातल्या यंत्रावर क्षणात सापडते. चेंडू कोणाकडून आला, ते सांगावे. कडेने कोण धावत होता, मैदान कसले होते, पायांत बूट होते की नव्हते, ते सांगावे. आणि तरुणांनी पुढचा सामना पाहताना निदान पाच मिनिटे चेंडूवरची नजर काढून कडेच्या माणसाकडे पाहावे. चेंडू त्याच्याकडे नसतानाही तो काय करतो, ते पाहावे. आम्ही १९८२ साली तसे पाहिले असते, तर नाक्यावर मान हलवण्याआधी थोडे थांबलो असतो.